सडा ‘पडीक’ कोणी ठरवला? भूदृश्य, उपग्रहाचा नकाशा आणि कोल्हापूरचा पश्चिम पट्टा

शिवारफेरी (धागाकर्ता)

मी पन्हाळा तालुक्यातील डोंगरकडेच्या एका लहान गावचा. नोकरी कोल्हापुरात असली तरी घर, शेती आणि वडीलधारी माणसे गावीच असल्यामुळे बहुतेक शनिवार-रविवार तिकडेच जातात. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार आहे. कागदोपत्री तो गायरान असून त्यावर सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव नुकताच ग्रामपंचायतीकडे आला. प्रस्तावाला एक रंगीत नकाशा जोडला होता. गावठाण लाल, ऊस आणि भात पिवळे, उतारावरचे जंगल हिरवे, आणि आमचा अख्खा सडा फिकट राखाडी. खालच्या सूचीत त्या राखाडी रंगापुढे ‘खडकाळ पडीक’ एवढेच लिहिले होते. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी ही माझ्याही घरची गरज आहे. माझा आक्षेप त्या दोन शब्दांना आहे. ते नकाशात कुठून येतात आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला मुद्दा ऋतूचा. दृश्य प्रकाशात टिपलेल्या उपग्रह प्रतिमेला निरभ्र आकाश लागते, आणि आपल्या पश्चिम पट्ट्यावर जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत ढग हटत नाहीत. साहजिकच जमीनवापराचा नकाशा करताना नोव्हेंबर ते मे या काळातील स्वच्छ प्रतिमा निवडली जाते. त्या प्रतिमेत वनस्पतींचा हिरवेपणा मोजण्यासाठी लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनाची तुलना करतात, कारण जिवंत पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. फेब्रुवारीत या मोजमापात ऊस हिरवागार येतो, सदाहरित जंगल येते, काजूची बाग येते. सड्यावर मात्र उघडा दगड आणि वाळके गवत असते, म्हणून तो ‘खडकाळ’ ठरतो. नकाशा खोटे बोलत नाही, तो फेब्रुवारीचे खरे सांगतो. सडा ज्या चार-पाच महिन्यांत जगतो, नेमके तेच महिने त्या प्रतिमेत नसतात.

गेल्या ऑगस्टमध्ये मी त्या सड्यावर गुडघे टेकून बसलो होतो. समोर जेवणाच्या ताटाएवढा एक खळगा होता, त्यात बोटभर माती आणि मातीवर इंचभर पाणी. तेवढ्या जागेत गेंदाची पांढरी गोल बोंडे उभी होती, त्यांच्या मध्ये सीतेच्या आसवांची जांभळी फुले आणि कडेला दवबिंदूचे तांबूस, चिकट केसांचे रोप. या मातीत नत्र अत्यल्प असते, त्यामुळे सीतेची आसवे पाण्यातील सूक्ष्म जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत पकडतात आणि दवबिंदू केसांवर चिकटलेले कीटक पचवतो. हाताच्या अंतरावरच्या पुढच्या खळग्यात माती थोडी खोल होती, तर तिथली वस्ती वेगळी. उपग्रह प्रतिमेच्या दहा मीटर बाजूच्या एका पिक्सेलमध्ये, म्हणजे तिच्या एका ठिपक्यात, असे किती खळगे मावतील याचा विचार केला की ‘खडकाळ’ या शब्दाखाली काय झाकले जाते ते कळते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या खाली चिकण थर आणि मग काळा पाषाण. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, खालच्या थरावर अडते आणि सड्याच्या काठाखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आमच्या गावाला अशा तीन झऱ्यांचा आधार आहे. प्रस्तावाच्या नकाशात त्यांपैकी एकही नाही, कारण काठावरच्या गर्द झाडीखालून निघणारी हातभर रुंदीची धार वरून दिसत नाही.

लँडस्केप इकॉलॉजी, म्हणजे भूदृश्याचे परिसंस्थाशास्त्र, सड्याकडे सुटा तुकडा म्हणून पाहत नाही. सडा, काठ, झरा, ओढा, भातखाचर, ऊस आणि नदी यांची मांडणी आणि त्यांच्यात होणारी पाण्याची, मातीची, बियांची, जनावरांची ये-जा हाच या शास्त्राचा विषय आहे. विशेष म्हणजे जर्मन भूगोलशास्त्रज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ साली या शास्त्राला नाव दिले ते विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना. म्हणजे वरून पाहण्याची सोय हीच त्याची जन्मभूमी आहे. आज त्याच सोयीच्या आधारे सड्यासारखी भूदृश्ये पुसली जात असतील, तर चूक साधनाची नसून ते वापरताना आपण न विचारलेल्या प्रश्नांची आहे, असे मला वाटते. जाणकारांनी लिहावे.

भोगावतीकाठ

विषय महत्त्वाचा आहे. मी शहराजवळच्या पूरपट्ट्यात राहतो, त्यामुळे माझा अनुभव पाण्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.

ढगांमुळे प्रतिमा मिळत नाहीत हे आपण लिहिले, त्याला एक पूरक माहिती. २०१४ पासून युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा सर्वांना मोफत मिळतात आणि रडारला ढगांचा अडसर नसतो. शांत पाणी रडारची लहर आरशासारखी दुसरीकडे वळवते, म्हणून पूर काळा दिसतो. आमच्या भागाची पुरातील अशी एक प्रतिमा मी पाहिली, तेव्हा एक गोष्ट खटकली. ज्या उसाच्या फडात आमच्या डोळ्यांदेखत कमरेइतके पाणी होते, तो फड प्रतिमेत कोरडा दिसत होता. या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरांच्या आसपासची असते; ती उसाच्या पानांवर आणि कांड्यांवरच आदळून परतते, खालचे पाणी तिला काळे दिसत नाही. उलट जुलैत रोपलावण झालेली भातखाचरे पूर नसतानाही काळी दिसतात. ज्या जिल्ह्याच्या नदीकाठी ऊसच ऊस आहे, तिथे केवळ रडारवर पुराची हद्द आखली तर ती कमीच भरणार.

आमच्या गल्लीत मात्र प्रत्येक पुराची रेघ भिंतीवर मारून ठेवलेली आहे. घर, रेघेची उंची आणि वर्ष एवढे जरी कोणी गावोगावी नोंदवले, तरी पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल पूररेषा तपासायला मोठा आधार मिळेल.

एक प्रश्न. सडे राखले तर आमच्याकडचा पूर कमी होईल का? तसे म्हणणारे बरेच भेटतात.

शिवारफेरी

भोगावतीकाठ, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला हवे तसे नाही, पण खरे ते लिहितो. सलग आठ-दहा दिवस मुसळधार पाऊस झाला की जांभा पूर्ण भिजतो आणि त्यानंतर पडणारे पाणी वरून वाहू लागते. त्यामुळे २०१९ सारखा पूर सड्यांमुळे टळला असता, असे मी म्हणणार नाही. त्या पुरात धरणांतून सुटणारे पाणी, पूरमैदानातील भराव, रस्त्यांचे बांध आणि पंचगंगा नृसिंहवाडीला ज्या कृष्णेला मिळते तिचा फुगवटा, हे सगळे आले. सड्याचे काम दिसते ते मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा कासारी आणि कुंभीला मिळणाऱ्या लहान ओढ्यांत पाणी टिकते किंवा टिकत नाही. सडा सपाट करून त्यावर काँक्रीटचे पाये आणि मुरुमाचे रस्ते आले, काठाला चर खणले गेले, तर झऱ्याची वाट बदलू शकते. माझी काळजी एवढीच आहे आणि तेवढी पुरेशी आहे.

भिंतीवरच्या रेघांची सूचना फार मोलाची वाटली.

मोजणीदप्तर

भूमापनाच्या कामात माझी हयात गेली, आता निवृत्त आहे. धाग्यातील तळमळ पोचली, म्हणून कागदांविषयी थोडे लिहितो.

आपल्या प्रस्तावातील नकाशा बहुधा १:५०,००० प्रमाणावरच्या जमीनवापर नकाशावरून मोठा केलेला असावा. हा देशभराचा नकाशा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो आणि जिल्ह्याच्या नियोजनासाठी तो चांगला आहे. पण या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. तीन मिलिमीटरांचा चौकोन धरला तर तो सव्वादोन हेक्टरांचा होतो, आणि त्याहून लहान गोष्टी शेजारच्या रंगात विरून जातात. संगणकावर नकाशा हवा तितका मोठा करता येतो, त्यामुळे माणसाला वाटते की तपशीलही वाढला. तपशील वाढत नाही, फक्त रंगाचा डाग वाढतो. गावातील एक एकराची देवराई घ्या. चाळीस गुंठे म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दहा मीटरच्या प्रतिमेत तिचे चाळीसच पिक्सेल होतात आणि भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या साडेतेवीस मीटरच्या जुन्या प्रतिमेत जेमतेम सात. त्या सातांतील बरेचसे कडेचे, म्हणजे अर्धी देवराई आणि अर्धे शेत. म्हणून कोणताही नकाशा हाती आला की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रतिमा कोणत्या तारखेची, मूळ प्रमाण काय, आणि जमिनीवर जाऊन किती ठिकाणी पडताळणी केली.

दुसरे, सातबाऱ्याविषयी. ‘पोटखराबा’ हा शब्द लोक नापीक, निरुपयोगी अशा अर्थाने वाचतात. तो शब्द आकारणीसाठी आहे. ज्या क्षेत्रात लागवड होत नाही त्यावर शेतसारा बसवू नये म्हणून ते वेगळे दाखवले जाते. त्यातला ‘अ’ वर्ग खडक, नाला अशा कारणांनी लागवडीस अयोग्य जमिनीचा आणि ‘ब’ वर्ग रस्ते, पाणवठे अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जमिनीचा. तिथे काय उगवते आणि कोण चरते, हे ठरवण्याचा त्या नोंदीचा हेतू कधीच नव्हता. गायरानाचेही तसेच. आता उपग्रहाच्या नकाशातील ‘पडीक’ आणि महसुली नोंदीतील ‘खराबा’ एकमेकांशेजारी ठेवले जातात आणि दोन वेगळ्या कामांसाठी केलेल्या नोंदी एकमेकींच्या साक्षीदार बनतात. हे मला फार धोक्याचे वाटते.

शेवटी एक सावधगिरी. आपण मोबाईलवर झऱ्यांचे बिंदू घेतले असतील तर ते जरूर वापरा, पण त्यांवरून हद्दीचा वाद घालू नका. उघड्या माळावरही मोबाईलची चूक चार-पाच मीटर असते आणि झाडीखाली किंवा कड्याच्या आडोशाला ती बरीच वाढते. गावनकाशा संगणकावर बसवताना तीन गावांच्या शिवा मिळतात ते दगड, जुनी विहीर, पाणंदीचा तिठा अशी न हललेली ठिकाणे नियंत्रणबिंदू म्हणून घ्यावीत. ओढ्याचे वळण किंवा झाड घेऊ नये.

घनसाळभात

मी आजरा तालुक्यातील शेतकरी. सगळ्यांचे वाचले, पटलेही, तरीपण दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे ‘नकाशा आला’ म्हटले की पाठोपाठ ‘बंदी आली’ असेच ऐकू येते, आणि ही भीती काही अज्ञानातून आलेली नाही.

पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आणि त्यांना संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत बसवले. नऊ किलोमीटरच्या चौकोनात आमच्याकडची कितीतरी गावे, वाड्या, शेते आणि जंगले एकत्र येतात. पुढे कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली गाव हे एकक धरले, आणि ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील भरले ते गाव यादीत घेतले. म्हणजे ज्या गावाचा पाचवा हिस्सा डोंगरात आहे त्याचे उरलेले चार हिस्सेही यादीत, आणि शेजारच्या गावाचा १९ टक्के डोंगर बाहेर. २०१४ पासून या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत आहेत. जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८२६ चौरस किलोमीटर क्षेत्र होते, त्यातील १७,३४० महाराष्ट्रातील. इतकी वर्षे माणूस टांगणीला लागला की तो झाड लावायलाही घाबरतो, कारण उद्या तेच झाड नकाशात हिरवे दिसेल.

नकाशात आमची बाजू कधी दिसते? २००२ नंतर कर्नाटकातून हत्ती या बाजूला येऊ लागले. आजरा आणि चंदगड भागात ऊस, केळी, नारळ यांचे नुकसान होते, पंचनामे होतात. प्रत्येक पंचनाम्यात गाव, गट नंबर, तारीख, पीक आणि नुकसान लिहिलेले असते. हत्ती कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने येतो, हे सांगणारी यापेक्षा चांगली नोंद कोणती? पण ती भरपाईच्या फायलीत पडून राहते. आमच्या हालअपेष्टांची नोंद नकाशावर यावी. नुसत्या झाडांची येऊन चालणार नाही.

रानवाट

घनसाळभात यांचा शेवटचा मुद्दा मला या धाग्यातील सर्वांत कळीचा वाटतो. मी वन्यजीवांच्या जोडपट्ट्यांचे, म्हणजे एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याच्या वाटांचे काम करतो, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

आपल्या जिल्ह्याचा पश्चिम पट्टा ही सह्याद्रीतील एक अरुंद वाट आहे. उत्तरेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, मध्ये राधानगरी अभयारण्य, आणि दक्षिणेला तिळारी व गोव्यावरून कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प. राधानगरी-दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले होते, १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात त्याचा समावेश झाला. या मोठ्या रानांच्या मधली जागा भरून काढण्यासाठी अलीकडच्या वर्षांत विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर झाली. नकाशावर ही माळ सलग दिसते. प्रत्यक्षात आंबा, गगनबावडा, फोंडा आणि आंबोली या चार घाटांचे रस्ते तिला आडवे कापतात.

रस्त्याने किती रान गेले, असे विचारले की रस्त्याची रुंदी गुणिले लांबी असा हिशेब दिला जातो. तो हिशेब किती अपुरा आहे हे एका उदाहरणाने दाखवतो. एक किलोमीटर बाजूचा जंगलाचा चौकोन घ्या, म्हणजे १०० हेक्टर. कडेपासून १०० मीटरपर्यंत ऊन, वारा, तण आणि माणसाचा वावर आत शिरतो असे धरले, तर आतले शांत रान उरते ८०० गुणिले ८०० मीटर, म्हणजे ६४ हेक्टर. आता मधोमध दहा मीटर रुंदीचा रस्ता काढा. रस्त्याखाली गेले फक्त एक हेक्टर, पण दोन्ही तुकड्यांना नव्या कडा आल्यामुळे आतले रान ४७ हेक्टरांवर येते. दुसरा रस्ता आडवा काढला की ते ३५ वर उतरते. आणि जंगलाच्या एकूण आकडेवारीत घट दिसते दोन टक्क्यांची. क्षेत्रफळाच्या जोडीने आकार आणि मांडणी मोजायची, हा भूदृश्यशास्त्राचा आग्रह यासाठी असतो.

जनावरांच्या वाटा शोधताना आम्ही नकाशातील प्रत्येक चौकोनाला ‘अडथळ्याचा’ आकडा देतो. घनदाट जंगलाला कमी, वस्तीला जास्त, आणि मग संगणक कमीत कमी अडथळ्याची वाट काढतो. इथे कोल्हापूरची अडचण सुरू होते. शेतीला कोणता आकडा द्यायचा? उभा ऊस डिसेंबरात पुरुषभर उंच असतो, त्यात गवा दिवसभर दडतो, बिबट्याची मादी पिल्ले घालते. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होऊन फड तोडला की त्याच ठिकाणी सकाळी मोकळे रान पडते आणि आडोशाला असलेले जनावर पुढच्या फडात, तिथून पुढच्या, असे करत वस्तीपर्यंत येते. गवे शहराच्या वेशीपर्यंत आल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तेव्हा आपल्या शेतीचा अडथळा स्थिर नाही, तो तोडणीच्या तारखेनुसार बदलतो. सेंटिनेल-२ च्या प्रतिमा दर पाच दिवसांनी दहा मीटर तपशिलाने मिळतात आणि तोडलेला फड त्यांत स्पष्ट ओळखू येतो. त्यांच्या शेजारी नुकसानीचे पंचनामे तारखेसह मांडले तर कुठल्या गावाने कुठल्या आठवड्यात सावध राहावे, हे आधी सांगता येईल. घनसाळभात, आपण म्हणता ती फाईल हाच या कामाचा अर्धा भाग आहे.

सड्यांबद्दलही एक भर घालतो. पहिल्या वळवानंतर सड्यावर कोवळे गवत फुटते आणि गवे वर येतात. सडा बंद झाला तर ते गवत शोधायला खालीच उतरणार.

घनसाळभात

हे असे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. आमच्याकडील पंचनाम्यांच्या प्रती शेतकऱ्यांकडेही असतात. दोन-तीन गावांच्या मी जमवून बघतो. मात्र शेतकऱ्याचे नाव वगळून द्यायच्या, ही अट राहील.

रानवाट

अट रास्त आहे. गाव, तारीख आणि पीक पुरे. गट नंबरही नकाशावर न दाखवता नुसते शिवार दाखवू.

अंगणशाळा

मी शिक्षिका आहे. वाचताना एक शंका आली. फॉरेस्ट सर्व्हेच्या अहवालात वनाच्छादन वाढल्याची बातमी येते तेव्हा आम्ही मुलांना आनंदाने सांगतो. ते चुकते का? आणि सड्यावर झाडे लावण्याचा कार्यक्रम आमच्या शाळेने केला होता, तोही चुकलाच का?

शिवारफेरी

ताई, चूक आपली नाही. त्या अहवालात एक हेक्टरपेक्षा मोठे आणि दहा टक्क्यांहून अधिक झाडांचे छत्र असलेले कोणतेही क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते, मग झाड कोणतेही असो आणि जमीन कोणाचीही. काजूची बाग त्यात बसते, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवडही बसते, आमचा सडा बसत नाही. व्याख्या उघडपणे छापलेली असते, आपणच ती वाचत नाही. सड्यावर खड्डे पाडून बाहेरची माती भरली आणि बाभूळ लावली, तर आकड्यांत वन वाढेल आणि गेंद, कवला, सोनकी यांची जागा जाईल. रोपे लावायची तर सड्याच्या खालच्या उघड्या पडलेल्या उतारावर, ओढ्याकाठी, पाणंदीच्या दोन्ही अंगांना, आणि स्थानिक जातींची.

मुलांसाठी एक काम सुचवतो. एकाच ठिकाणी उभे राहून, एकाच दिशेला, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सड्याचा फोटो घ्यायचा. बारा फोटो शेजारी शेजारी लावले की उपग्रहाच्या एका प्रतिमेत काय नसते ते मुलांना वेगळे समजावावे लागणार नाही. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या साध्या संगणकावरही चालते. गावनकाशा खाली ठेवून त्यावर मुलांनी झरे, देवराई, जुन्या वाटा आणि शिवारांची नावे चढवावीत. नावे आजी-आजोबांकडून घ्यावीत, कारण ती कुठल्याच शासकीय नकाशात नाहीत. जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. मुलांचे काम त्या नोंदवहीत गेले तर त्याला ग्रामसभेत वजन येते.

रानवाट

एक विनंती. दुर्मीळ वनस्पतींचे नेमके बिंदू उघड नकाशावर टाकू नयेत. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीतील मोजक्याच पठारांवर आहेत आणि शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या जगवण्यासाठी मोठे कष्ट घेतले आहेत. फुलोऱ्याच्या हंगामात फोटोसाठी होणारी गर्दी आणि कंद उकरून नेणारे लोक, दोन्ही अशाच नोंदींवरून पोचतात. आंबोलीच्या पठारावरील टोडही तसाच. सुट्या दगडांखाली राहणारा हा बेडकासारखा प्राणी आंबोली परिसराबाहेर माहीत नाही, आणि एक दगड उलटून तसाच टाकला तरी त्याचे घर मोडते. उघड नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन दाखवावा, नेमका बिंदू समितीच्या वहीत असावा.

मोजणीदप्तर

सहमत. आमच्या खात्यातही टिपणवही वेगळी आणि नकाशा वेगळा असे.

शिवारफेरी

ग्रामसभा काल झाली, म्हणून पुन्हा लिहितो.

मी दोन मोठे कागद छापून नेले होते. एकावर प्रस्तावातील नकाशा, त्याखाली मोजणीदप्तर यांनी सांगितल्याप्रमाणे तीन प्रश्न: तारीख, प्रमाण, पडताळणी. दुसऱ्यावर आमचा गावनकाशा आणि त्यावर झरे, काठाची झाडी, गुरांची वाट आणि पावसाळ्यात पाणी साचणारे खळग्यांचे पट्टे. पहिल्या कागदावरील प्रश्नांना प्रस्ताव घेऊन आलेल्या मंडळींनी नीट उत्तर दिले. प्रतिमा फेब्रुवारीची होती आणि सड्यावर पडताळणीसाठी कोणी गेलेले नव्हते, हे त्यांनी मान्य केले. त्यांच्याशी वाद झाला नाही, याचे मला समाधान आहे. सड्याच्या पूर्वेला रस्त्यालगत मुरुमाची जुनी खाण आहे, तिथली माती आणि खळगे कधीच गेले आहेत. पॅनेल त्या बाजूला बसवता येतील का हे पाहावे, पश्चिमेचा काठ आणि झऱ्यांच्या वरचा पट्टा मोकळा ठेवावा, आणि ऑगस्टमध्ये सर्वांनी मिळून सड्यावर फिरल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असा ठराव झाला. खाणीची जागा प्रकल्पाला पुरेल की नाही हे अजून ठरायचे आहे. काही तरुणांना हा विलंब आवडलेला नाही आणि त्यांचे म्हणणेही मी टिपून घेतले आहे; गावात रोजगार यावा ही त्यांची मागणी खरी आहे.

सभा संपल्यावर आमची चुलती दुसऱ्या कागदाजवळ आली. ती शाळेत गेलेली नाही, पण गावाचा आकार तिने लगेच ओळखला. बराच वेळ बोट फिरवून तिने मधल्या झऱ्यावर ठेवले आणि म्हणाली, “ह्यो हितं न्हाई बाळा. उंबराच्या खालच्या अंगाला हाय, चाळीस पावलं तरी खाली.” मी तो बिंदू झाडीत उभा राहून मोबाईलवर घेतला होता. आज सकाळी तिच्यासोबत जाऊन पावले मोजली. झरा उंबराच्या खालीच निघाला आणि नकाशावरचा बिंदू मी हलवला आहे.

ऑगस्टच्या फेरीला वनस्पती ओळखणारे कोणी येऊ शकत असेल तर इथेच कळवावे. राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी होईल.